गल्लीपलीकडे चालणारी हिरवळ

मी एक जुनी हिरवळ आहे, मित्रांनो. पण मला पाणी घालू नका. मी प्लास्टिकची. सध्या मला गुंडाळून दाराआड उभे केले आहे आणि जिवाला चैन नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

कारखान्यात सुयांनी माझ्या पाठीत हिरवे धागे ओवले. पुढे मी फुटबॉलच्या मैदानावर होते. बुटांनी माझी पाती झिजली, तसे मला कापून विकायला काढले. एका घरच्या मुलाने माझे दोन तुकडे आणले, ते आपल्या वडिलांसाठी.

या आजोबांना वॉकर लागतो. दारापासून फाटकापर्यंत नुसती माती, तिच्यात वॉकरचे पाय रुतायचे. फाटकाबाहेर अरुंद गल्ली आणि समोर शिंपीकाकांचे दुकान. काका शिलाईयंत्र थांबवून, दुकानावर एक डोळा ठेवून फाटकाशी गप्पांना येत आणि आजोबा दारातून नुसता हात हलवत. मुलाने माझा एक तुकडा अंथरला आणि आजोबा एकटे फाटकापर्यंत गेले! त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

नगरपालिकेचे निरीक्षक येता-जाता म्हणायचे, "काय राखलंय हो गवत!" सून गालातल्या गालात हसायची.

मग मुलाला हौस आली. काकांची खुर्ची मावावी म्हणून त्याने दुसरा तुकडा शेजारी जोडला, पण घाईत उलट्या दिशेने अंथरला. माझी सगळी पाती एकाच बाजूला कलतात. रस्त्यावरून अर्धी हिरवळ फिकी आणि अर्धी गडद दिसू लागली. निरीक्षक थबकले, वाकले, त्यांनी एक पाते ओढून पाहिले.

"अहो, हे तर प्लास्टिक! घरापुढे चालत नाही. मागच्या अंगणात घाला."

"मागे नुसती भिंत आहे, साहेब," सून म्हणाली. "आणि समोर दुकानापुढे हेच गवत आहे की!"

"ते दुसऱ्या गावात येतं. हद्द गल्लीच्या मधून जाते. तिथला नियम वेगळा."

"म्हणजे माझ्या दारात मी सज्जन, आणि गल्ली ओलांडली की गुन्हेगार?" शिंपीकाका पलीकडून ओरडले. निरीक्षकांनाही हसू आले, पण नियम हलला नाही.

मित्रांनो, माझ्यात खोट आहे. उन्हात मी तापते, माझी तुटकी पाती गटारात जातात, माझ्याखाली गांडूळ जगत नाही. नियम का झाला ते मला कळते. पण गल्ली ओलांडली की मी तापायची थांबते का? टेकडीवरच्या गावात म्हणे खाली खडी घातली की मी चालते. मी एकच, आणि तीन गावांत तीन तऱ्हा!

मला मागे अंथरले. आजोबा भिंतीपर्यंत गेले आणि म्हणाले, "इथे कुणाशी बोलू? विटांशी?" ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. मग मला गुंडाळून इथे आणले. सुनेने सवलतीसाठी अर्ज केला आहे. बैठक होईल, मग बघू, असे उत्तर आले. तोवर मी ना घरात, ना अंगणात. समोरून शिंपीकाका हाका मारतात, "काय हो, या की!" आणि आजोबांचे पाय दिवसेंदिवस चालणे विसरत चालले आहेत.

माझे एवढेच मागणे आहे. नियम जरूर करा, पण शेजारच्या गावाशी एकदा बोलून करा. आणि मला गुंडाळण्याआधी माझ्यावर कोण उभे आहे, तेही बघा.

रोज दुपारी समोरचे शिलाईयंत्र थांबते. मग वॉकरची टकटक दारापर्यंत येते, आजोबा माझ्यावर हात टेकवून जरा वेळ बाहेर बघतात आणि परत फिरतात. काल यंत्र थांबले, पण टकटक आलीच नाही. आज आता यंत्र पुन्हा थांबले आहे. मी कान लावून उभी आहे.