गाडी गॅरेजमध्येच होती

रवींद्रनं पत्र दिव्याखाली धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि इतक्या आनंदानं हाक मारली की नेत्राला वाटलं, ग्रीन कार्डच आलं.

"नेत्रा, इकडे ये! हे लोक पुरते सापडलेत."

तव्यावरची पोळी उलटून ती बाहेर आली. पत्र एका पार्किंग कंपनीचं होतं. हायवेलगतच्या दुकानांच्या आवारात दोन तासच गाडी ठेवता येते. आपली गाडी दोन तास चाळीस मिनिटं उभी होती, सबब पासष्ट डॉलर पाठवावेत, असा मजकूर होता. तारीख दहा एप्रिल, मंगळवार. सोबत त्यांच्या कोरोलाचे दोन फोटो, एक अकरा वाजून पाच मिनिटांचा आणि दुसरा पावणेदोनचा.

नेत्राला फोटो बघायची गरज नव्हती. त्या दिवशी त्या गाडीतून ती स्वतःच उतरली होती.

"मंगळवारी अकरा वाजता!" रवींद्रनं टेबलावर थाप मारली. "मी ऑफिसात. तू ड्राइव्ह करत नाहीस. म्हणजे गाडी गॅरेजमध्येच होती. कोणीतरी आपल्या नंबरची डुप्लिकेट प्लेट लावून फिरतंय. ओपन अँड शट केस आहे."

"पासष्टच डॉलर आहेत ना? भरून टाक. ग्रीन कार्डचं चाललंय, कशाला कोणाच्या तोंडी लागतोस?"

"अगं, तत्त्वाचा प्रश्न आहे."

रवींद्रच्या आयुष्यात तत्त्वाचा प्रश्न साधारण दर पंधरा दिवसांनी येत असे. पावती हरवलेला टोस्टर त्यानं तत्त्वासाठीच परत करून दाखवला होता. निरनिराळ्या कंपन्यांनी पाठवलेल्या माफीपत्रांची त्यानं एक फाइल केली होती, आणि घरी पाहुणे आले की लग्नाच्या अल्बमच्या आधी ती निघे. एरवी माणूस प्रेमळ. पण समोर चूक दिसली की त्याला तहानभूक राहत नसे.

आठ वर्षांची रुही होमवर्क सोडून आली आणि बापाच्या दंडाखालून फोटोत डोकावली.

"दॅट्स नॉट अवर कार."

"का गं?"

"इट्स टू स्ट्रेट, बाबा. यू नेव्हर पार्क दॅट स्ट्रेट."

"बघ! पोरीलासुद्धा कळलं," म्हणत रवींद्रनं तोही मुद्दा कागदावर टिपून घेतला.

नेत्रा आत गेली तोवर पोळी करपली होती. ती घाबरली होती हे खरं, पण त्या भीतीच्या खाली कुठेतरी तिला फार बरंही वाटत होतं. गाडी खरोखरच सरळ लागली होती.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी रवींद्रनं तिला ड्रायव्हिंग शिकवायला घेतलं, आणि ते त्याच रविवारी संपलं. रिव्हर्स घेताना तिच्या हातून रस्त्यावरचा रिसायकलिंगचा निळा डबा चेपला. रवींद्र तीन भाषांत "ब्रेक" ओरडला. तेवढ्यावर भागलं असतं तर ती विसरली असती. पण त्या दिवसापासून, मित्रमंडळी आपापला पदार्थ घेऊन जमत त्या प्रत्येक पॉटलकला, जेवणं आटोपली की तो उठून उभा राही आणि तिनं स्टिअरिंग कसं धरलं होतं, डोळे कसे मिटले होते, डब्याचा आवाज कसा आला, हे साभिनय सांगे. लोक पोट धरून हसत. आइस्क्रीम वाढता वाढता तीही हसे. एक डबा एकदाच चेपला होता, पण दोन वर्षं तो दर शनिवारी नव्यानं चेपला जात होता. तिला त्या गोष्टीचा मनापासून संताप येई.

नागपूरला ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि कायनेटिकवर गावभर फिरायची. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये, व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती आणि गाडीशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा मिळत नव्हती. शनिवार उजाडेपर्यंत वाट बघायची. आणि गाडी मात्र आठवडाभर गॅरेजमध्ये आराम करायची. स्टेशनच्या पार्किंग परमिटसाठी नाव लावून रवींद्रला चार वर्षं झाली होती, म्हणून तो रोज त्याच्या मित्राच्या, अरुणच्या गाडीतून स्टेशनला जाई.

जानेवारीत शेजारच्या मालिनीकाकूंनी तिला एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "चल, लर्नर्स परमिट काढून आणू." काकू सदुसष्ट वर्षांच्या, एकाहत्तर सालापासून अमेरिकेत. मंगळवार-गुरुवार शिकवणी सुरू झाली; गॅरेजमधून गाडी उलटी बाहेर तेवढी काकू काढून देत. परत आल्यावर नेत्रा सीट चार खटके मागे सारून रवींद्रच्या मापाची करी, आरसा होता तसा फिरवी, उशी घरात नेई. ड्रायव्हिंगच्या नियमांचं पुस्तक तेवढं बाजूच्या सीटखाली लपवलेलं असे; त्याच्या पहिल्या पानावर, विसरू नये म्हणून, तिनं लिहून ठेवलं होतं: सीट चार खटके, आरसा, उशी. त्यातच परीक्षेची चिठ्ठी होती. येत्या शुक्रवारी, सकाळी दहा वाजता. लायसन्स हातात पडलं की ते टेबलावर ठेवायचं आणि मगच बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं.

सगळा घोळ त्या दहा तारखेनं केला. तिनं दोन रेघांच्या मधोमध गाडी अशी लावली की काकूंनी टाळ्या वाजवल्या. त्या आनंदात दोघी डोनट खायला गेल्या, आणि बाहेर येऊन बघतात तर दोन्ही बाजूंना दोन अजस्र गाड्या. आता रिव्हर्स घेऊनच निघायला हवं. नेत्रानं किल्ली काकूंपुढे धरली.

"काकू, तुम्ही काढता का?"

"घातलीस तू, काढणार तूच. मला काही घाई नाही."

उजवीकडची गाडी हलेपर्यंत दोघींनी मिळून पाच डोनट आणि चार कॉफ्या संपवल्या.

बुधवारी संध्याकाळी रवींद्रनं टाइप केलेलं पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं. दोन पानं, सात मुद्दे. खाली एक वेगळा कागद होता: मी, नेत्रा रवींद्र देवस्थळी, लिहून देते की मला गाडी चालवता येत नाही.

"इथे सही कर. उद्या रजिस्टर्ड पोस्टानं जाईल."

नेत्रानं पेन उचललं आणि परत ठेवलं. ग्रीन कार्ड अडकलेलं असताना खोट्या कागदावर सही करायची तिची छाती नव्हती. खरं सांगावं तर परीक्षा अजून दोन दिवसांवर. सांगितलं आणि नापास झाली, तर या माणसाला नवा कोरा किस्सा मिळणार.

"मी नाही सही करणार."

"का?"

"मला असलं लिहून द्यायला नाही आवडत."

"अगं, पण खरं तेच आहे ना?"

"चार लोकांत सांगतोस तेवढं पुरे नाही का, रवी? आता लेखीही हवं?"

ती हे हळूच म्हणाली, पण रुहीनं मान वर केली. रवींद्रनं कागद उगाचच सरळ केले.

"बरं. राहू दे सही," तो म्हणाला. "मी मीटरचा पुरावा जोडतो. गॅस भरताना दर वेळी रीडिंग लिहितो मी. डायरी गाडीतच आहे."

तो गॅरेजमध्ये गेला आणि नेत्रा ओट्याशी जाऊन उभी राहिली. डायरीचा तिनं विचारच केला नव्हता. रवींद्र दर वेळी फक्त ॲव्हरेज काढायचा, आणि ॲव्हरेज काही कमी झालं नव्हतं. टाकीतलं पेट्रोल मात्र लवकर संपत होतं. त्यावर "हल्ली गॅसच पातळ येतो यार," असा शोध त्यानं अरुणला ऐकवला होता. पण आता तो मैल मोजणार होता, आणि पुस्तक, चिठ्ठी तिथेच सीटखाली होती.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. कारचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. चोराच्या मनात चांदणं, तशी ती रिकाम्या ओट्यावरून फडकं फिरवत राहिली.

पंचवीस मिनिटांनी तो आला, तेव्हा हातात डायरी नव्हती. टेबलाशी बसून त्यानं पत्रातला फोटो पुन्हा पाहिला. दोन्ही बाजूंच्या गाड्यांवरून बोट फिरवलं. फोटोंवरच्या दोन्ही वेळा वाचल्या. मग चेकबुक काढलं आणि पासष्ट डॉलरचा चेक लिहिला.

"आणि तत्त्व?" नेत्रानं विचारलं.

"दर वेळी काय भांडायचं," तो म्हणाला, आणि दोन पानांची घडी करून कचऱ्यात टाकली. माफीपत्रांच्या फाइलमध्ये या प्रकरणाचा काहीच कागद राहणार नव्हता.

"सो वी आर गिल्टी?" रुहीनं विचारलं.

"जेव आधी."

गुरुवारी नेत्रानं जेवताना दोनदा विषय काढायचा ठरवला आणि दोन्ही वेळा लोणचं मागितलं.

शुक्रवारी सकाळी ती रुहीचा डबा भरत असताना गॅरेजचं मोठं दार वर गेल्याचा आवाज आला. गाडी सुरू झाली, बाहेर गेली, पुन्हा आली, पुन्हा बाहेर गेली. शेवटी काहीतरी धप्पकन वाजलं.

"काय झालं रे?"

"काही नाही," रवींद्र आत येत म्हणाला. कान लाल झाले होते. "कचरा ठेवत होतो."

बाहेर अरुणचा हॉर्न वाजला. रवींद्रनं बॅग उचलली, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"येतो. सावकाश."

"काय सावकाश?"

"सगळंच," म्हणून तो पळाला.

रुहीची बस गेली आणि नऊ वाजता काकू आल्या. नेत्रानं गॅरेजचं दार वर केलं, आणि दोघी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं. या घरात राहायला आल्यापासून ते कायम भिंतीकडे असे. कोणीतरी ती उलटी आत घातली होती, आणि इतकी तिरकी की ड्रायव्हरचं दार फळीला टेकलं होतं. काचेतून दिसत होतं: सीट पुढे ओढलेली, त्यावर सोफ्यावरची उशी.

"अगं बाई, ही कोणी लावली?" काकूंनी मागे जाऊन पाहिलं आणि तोंडाला पदर लावायचा म्हणून जॅकेटची बाही लावली. "नेत्रा, इकडे ये आधी."

मागची भिंत आणि बंपर यांच्या मधे रिसायकलिंगचा निळा डबा होता. पापडासारखा चपटा.

नेत्रा हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. बाजूच्या दारातून शिरून, गिअर ओलांडून ती उशीवर बसली. सीट बरोब्बर चार खटके पुढे होती. आरशात तिला स्वतःचं अर्धं कपाळ आणि मागे त्या डब्याची चेपून वर आलेली कड दिसली.

"आता पॉटलकला तुझी पाळी," काकू पट्टा लावत म्हणाल्या. "काय रंगवून सांगशील!"

"नाही काकू. हा किस्सा त्याचा आहे. त्यालाच सांगू दे."

तिनं किल्ली फिरवली. एकदाही मागे न जाता गाडी गॅरेजमधून सरळ बाहेर पडली.