वास्तूचं तोंड खाली

राजाजीनगरात कारखान्याच्या नव्या क्वार्टर्स उभ्या राहिल्या ते साल एकसष्ट. कंत्राटदारानं वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांमध्ये जो स्लॅब घातला होता, तो पापडाहून जाड होता एवढंच त्याच्या बाजूनं बोलता येईल. वर हेमलता खांबेटे कुंकवाची डबी उघडे, ते खाली कावेरीला ऐकू जाई. आणि कावेरीचा नवरा बिंदुमाधव भाताचा घास गिळे, तो वर कळे. खांबेटे सांगलीहून नुकतेच आलेले. बिंदुमाधवाचं घराणं बंगळुरात इतकं जुनं, की आपल्या मराठीत कानडी कधी शिरली हे त्यालाही सांगता आलं नसतं.

हेमलतेला वास्तुशांतीशिवाय नव्या चुलीवर भात चढवायचा नव्हता. चामराजपेटेतून आप्पाजी भटजी आले. हयातभर त्यांनी बैठी घरंच पाहिलेली. आग्नेय कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "इथं खड्डा घ्या. वास्तुपुरुष पालथा निजवायचा. तोंड खाली."

"भटजी, खाली जमीन नाही. बिंदुमाधवांचं स्वयंपाकघर आहे," हेमलतेचा नवरा दामोदर म्हणाला. तो कारखान्यात इंजिनीअर होता.

"तुमची गणितं कारखान्यात ठेवा," हेमलता म्हणाली. "शास्त्राला मजले नसतात."

गवंड्यानं छिन्नी मारली. मुठीएवढा खड्डा झाला आणि तळाशी गिलाव्याचा नुसता पापुद्रा उरला. सोन्याची इवलीशी प्रतिमा त्यात पालथी गेली, वर कडप्प्याचा तुकडा बसला. संध्याकाळी बिंदुमाधव जिन्यात हसत भेटला. "अक्का, तुमची वास्तू आमच्या सारात पडली! स्वल्प मीठ कमी होतं, आता सरी झालं."

तिसऱ्या दिवशी उतू जाणाऱ्या दुधावर हेमलता खेकसली, "नास मेलं एकदाचं!" तिचं दूध नासलं नाही. खाली कावेरीचं नासलं. पुढच्या आठवड्यात ती टोल्यांच्या घड्याळाला म्हणाली, "बंद पड बाई!" तिचं टोले देतच राहिलं, खालचं थांबलं ते दुरुस्तच होईना. मग एकदा चपला शोधत घरभर फिरणाऱ्या दामोदरला ती म्हणाली, "मोडू देत ते पाय, म्हणजे एका जागी बसाल!" त्याच संध्याकाळी बिंदुमाधव आपल्याच मोरीत घसरला. घोट्याचं हाड मोडलं.

त्या रात्री जमिनीतून कावेरीचा आवाज वर आला. हळू बोलत होती, पण स्लॅबला हळू म्हणजे काय ते कुठं ठाऊक? "वरच्या अक्का बोलतात आणि आपल्याकडं होतं. बाळंतपणाला मी लवकर जाते आईकडे."

हेमलता अंथरुणात उठून बसली. घरात बोललेल्या शब्दाला वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून जपून बोलावं, असं तिला आईनं बजावलं होतं. इथं वास्तूचे कान वरच्या घरात होते आणि तोंड खालच्या.

"योगायोग आहे," दामोदर जांभई देत म्हणाला. आप्पाजींना विचारलं, तर ते कानावर हात ठेवून म्हणाले, "बसवलेली वास्तू उपटायची? नाव काढू नका."

कावेरी माहेरी गेली आणि हेमलतेनं जीभ आवरली. तीन महिने आवरली. मग सांगलीहून सासूबाईंचं पत्र आलं. लग्नाला आठ वर्षं झाली, अजून काही नाही का, असं त्यात नेहमीचंच होतं. पत्र भिरकावून ती ओरडली, "कळवा त्यांना! या घरात लेकराचं रडणं ऐकू यायचं नाही!"

बोलून झाल्यावर तिनं तोंडावर हात दाबला. कोपऱ्यातला कडप्पा नुसता गार पडून होता.

कावेरी सव्वा महिन्याची लेक घेऊन परतली. रिक्षात पोर आकांत करत होती. अंगणातही करत होती. कावेरीनं उंबरा ओलांडला आणि आवाज तुटला. पोरीचं तोंड उघडं, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून धारा, आवाज नाही. कावेरी घाबरून बाहेर आली, की रडणं पुन्हा सुरू. आत गेली, की गप्प.

बिंदुमाधव अजूनही कुबडीवरच होता. तसाच उभा राहून वर बघत म्हणाला, "अक्का, भुकेली असली, गुदमरली, तरी आम्हाला कळायचं कसं?" त्याच्या आवाजात राग नव्हता. हेमलतेला तेच सोसेना.

भर दुपारी ती कोपऱ्यात पालथी पडली, कडप्प्याला ओठ लावले आणि म्हणाली, "रडू दे रे तिला. पोटभर रडू दे. जे बोलले ते माझ्यापाशी राहू दे."

खालून असं काही रडणं उठलं, की तिच्या ताटल्या थरथरल्या.

ती धावतच खालच्या स्वयंपाकघरात गेली. कावेरीनं हसत लेक तिच्या मांडीवर दिली. "घ्या अक्का, तुम्हीच ऐका आता!" पोर बेंबीच्या देठापासून रडत होती आणि दोघी हसत होत्या.

तेवढ्यात वर दार वाजलं. दामोदर पहिली पाळी करून आला होता. चपला काढल्या, खाट करकरली. मग बोलण्याआधी तो नेहमी खाकरायचा तसा खाकरला.

"अहो, बोलू नका!" हेमलता छताकडे बघून किंचाळली, पण पोरीच्या आवाजापुढे तिचा आवाज कुठला पोचायला? ती लेकीला छातीशी धरून दाराकडे धावली. तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडतो न पडतो, तोच छतातून झोपाळलेला आवाज स्वच्छ उतरला.

"अगं गप्प बस की बाई, एकदाची कायमची!"

अंगणात उन्हात उभी राहून हेमलतेनं डोळे मिटून घेतले. मांजराच्या पिलाएवढी ती पोर तिच्या खांद्यावर अजून रडत होती. मोठ्यानं, खणखणीत. वाचली.

"वाचली गं, कावेरी!" म्हणत ती वळली.

कावेरी स्वयंपाकघरातून धावत आली होती. ती उंबऱ्यात थांबली, मग उंबरा ओलांडून अंगणात आली, अगदी हेमलतेच्या समोर. तिचे ओठ हलत होते. 'अक्का' म्हणत होती, पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. पण अंगणात फक्त पोरीचं रडणं ऐकू येत होतं.