बिबट्याच्या पसंतीचं कुत्रं

कोणतं कुत्रं पाळावं हे विचारायला आसपासच्या वस्त्यांवरचे लोक आबासाहेबांकडे यायचे, आणि आबासाहेबही असे पाय पसरून बसायचे, जणू तालुक्यातली कुत्री त्यांची परवानगी घेऊनच भुंकतात.

"आधी सांगा, घरात दुसरी जनावरं कोणती हायेत?" हा त्यांचा पहिला सवाल. "कोंबड्या आसतील तर डॉबरमनचं नाव काढू नका. मांजर आसंल तर कुत्र्याचं पिल्लू लहानपनीच आना. जर्मन शेफर्ड आपल्या उन्हात धापा टाकतंय. जनावरात जनावर आनायचं म्हंजी डोस्कं लागतं, डोस्कं!"

समोरचा मान डोलवायचा, चहा प्यायचा, निघून जायचा. आत निकिता, त्यांची सून, कपबशा विसळताना मनात म्हणायची, बोला मामा, बोला. तीन कुत्री बिबट्याच्या घशात घातलीत, तुम्ही नाही बोलणार तर कोण बोलणार?

वस्ती नेवाशाजवळ, प्रवरेकाठच्या उसात. तिकडे बिबट्याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. बायका उसाच्या कडेनं जाताना मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावतात, पोरांना एकटं सोडत नाहीत, एवढंच. आबासाहेबांच्या दारात एक गाय, काही कोंबड्या, एक आगाऊ मांजर आणि निकिताच्या शेळ्या. हो, निकिताच्याच. काष्टीहून बापानं माहेरची म्हणून एक शेळी दिली होती, तिच्यापासून तिनं हा कळप वाढवला होता. त्यांचा गोठा उसाच्या अंगाला, वर पत्रा, समोरून उघडा. तिथं लोखंडी जाळी मारा म्हणून ती लग्न झाल्यापासून सांगत होती. आबासाहेब म्हणायचे, "जाळी कशाला? कुत्रं हाय की."

आता कुत्रं म्हटलं की राखणीला असेल, असं कुणालाही वाटेल. आबासाहेबांची अक्कल त्याच्या पुढची. बिबट्याचा कुत्र्यावर डोळा असतो हे त्यांनी हेरलं होतं. मग शेळी वाचवायची तर शेळीच्या आधी कुत्रं त्याच्या तोंडी लागलं पाहिजे. गोठ्याच्या पुढं, थेट उसाच्या तोंडाला, त्यांनी एक खुंटी ठोकली होती आणि तिला साखळी. त्या साखळीला कोणती जात चांगली, हेही त्यांनी पार विचार करून काढलं होतं. धिप्पाड कुत्रं नको, ते झुंजतं, साखळी तोडतं. गावठी नको, ते लबाड, पट्ट्यातून मान काढून पत्र्यावर जाऊन बसतं. लॅब्रॅडोर नको, तो खातो अन् घोरतो, मग बिबट्याला कळणार कसं? पाहिजे ते पांढरं, केसाळ, लहान चणीचं, लाडात वाढलेलं. ते अंधारात दिसतं, लांबून ऐकू येतं आणि लढत नाही. "पाव्हना आला तर उपाशी जाऊ ने," असं एकदा ते आपल्या पोराला, मच्छिंद्रला म्हणाले आणि खो खो हसले. मच्छिंद्रही हसला. बाप हसला की हसायचं, बाप खवळला की खाली बघायचं, एवढ्या दोन कामांवर त्या माणसाचं आयुष्य आरामात चाललं होतं.

कुत्री मिळायची फुकट. शहरातली माणसं हौसेनं आणतात, वर्षभरात कंटाळतात आणि मग चांगलं घर शोधत बसतात. शेत, मोकळी हवा, जनावरांची सोबत, एवढं आबासाहेबांनी म्हटलं की त्या माणसांचे डोळे भरून यायचे. भोळसट कुठले! पहिलं कुत्रं पावसाळ्यात गेलं, दुसरं ऊसतोड यायच्या आधी, तिसरं तर आठवडाभरही टिकलं नाही. लोक म्हणायचे, आबासाहेबांना एवढी माहिती, पण बिचाऱ्यांना कुत्रं लाभत नाही. बिचारे म्हणे!

आणि साखळी लावायचं काम निकिताचं. कुत्र्याला हात लागला की आबासाहेब अंघोळ करायचे. ती भाकरी कुस्करून घालायची, पाठीवरून हात फिरवायची आणि दिवस मावळला की पट्ट्याला साखळी अडकवून घरात यायची. बिबट्यानं कुत्रं नेल्याच्या सकाळी आधी शेळ्यांकडे पळायची. शेळ्या सगळ्या दिसल्या की तिला बरं वाटायचं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच इतकी किळस यायची की चहा घशाखाली उतरायचा नाही. पण बोलली नाही. सासऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालणं सोपं होतं, ते तिनं मन लावून केलं.

नेवाशात जोशुआ सर म्हणून शिक्षक होते. त्यांची शेवगावला बदली झाली आणि तिथल्या घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं. कुत्रं खरं त्यांच्या आईचं, हन्नाबाईंचं. बाई नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांनी फोनवर बजावलं, "घरातल्या बाईला घेऊन या. तिला बघितल्याशिवाय मी बबड्याला देणार नाही." म्हणून त्या रविवारी दुपारी निकिताचीही जीपमध्ये वर्णी लागली. आबासाहेबांनी तिला चांगली साडी नेसायला लावली. "तिथं फकस्त हसायचं," म्हणाले.

बबड्या दारातच भेटला. पांढरा, केसाळ, लहान चणीचा. निकिताची नजर आधी त्याच्या पट्ट्याकडे गेली. आबासाहेबांचा चेहरा मात्र सोयरीक जमल्यासारखा उजळला.

चहा आला, खारी आली. सर समजावू लागले, "ही जात घरात रमणारी आहे, काका. चावत नाही, पण कोंबड्या दिसल्या की मागं लागेल. शेळ्यांची सवय हळूहळू लावावी लागेल. सुरुवातीचे काही दिवस जरा सांभाळून घ्या."

"काही दिवसांचाच तर प्रश्न हाय," आबासाहेब म्हणाले.

"आधी कुत्री होती म्हणालात," हन्नाबाईंनी विचारलं. "त्यांचं काय झालं?"

"आजारपन, सिस्टर. लई जीव लावला हुता. आमी जेवलो न्हाई." मच्छिंद्रनं लगेच मान खाली घातली. दुःखाची वेळ आहे असं त्याला वाटलं असावं.

"आणि हा झोपणार कुठं?"

"हॉलमधी, माझ्या पलंगापाशी. थंडीत तर माझ्या गोधडीत!"

गोधडीत! कुत्र्याचा केस लागला तर अंगावर बादल्या ओतून घेणारा हा माणूस! ह्या तोंडात किडे कसे पडत नाहीत, असं निकिताला वाटलं.

हन्नाबाई तिच्याकडे वळल्या. "तू काहीच बोलत नाहीस गं. तू सांग. तुमच्याकडं कुत्री कुठं झोपतात?"

बबड्या निकिताच्या पायाशी येऊन तिचे हात हुंगत होता. शेळ्यांचा वास कितीही धुतला तरी हातांचा जात नाही. शेपूट हलवत होता, वेडा. आबासाहेब हसत होते, म्हणजे दात दाखवत होते. मच्छिंद्र खारीचा चुरा बशीत गोळा करत होता. गप्प राहिलं तर संध्याकाळी ही एवढीशी मान आणि ती साखळी. बोललं तर घरी काय वाढून ठेवलंय ते ठाऊक होतं, आणि मग शेळ्यांचं काय होईल तेही.

"भाईर," ती म्हणाली. "उसाच्या तोंडाला, साखळीनं. बिबट्यानं शेळ्या सोडून त्यालाच न्यावं म्हनून. आधीची तिन्ही तशीच गेली. आजारानं न्हाई."

आता आबासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल, असं वाटणाऱ्यांनी आबासाहेब पाहिलेले नाहीत.

"मग?" ते म्हणाले. "कुत्रंच हाय ना? मानूस तर न्हाई बांधलं? शेळी जाऊ द्यायची अन् कुत्रं पलंगावर निजवायचं, ही कुठली रीत?"

सर गडबडले. वाईट माणसापुढं अशी गडबडणारी चांगली माणसं बघितली की निकिताला वाटायचं, त्यापेक्षा वाईट माणूस परवडला. "असू दे आई," सर म्हणाले. "त्यांचीही काही अडचण असेल. काका, तुम्ही जाळी वगैरे बसवून घ्या ना. आमचं उद्या सामान हलवायचंय, आता ऐनवेळी दुसरं घर कुठं शोधणार?"

हन्नाबाईंनी पोराकडे बघितलंसुद्धा नाही. "शेळ्या कुणाच्या?" त्यांनी निकिताला विचारलं.

"माझ्या."

"आणि साखळी कोण लावायचं?"

सासऱ्यासाठी, नवऱ्यासाठी, ह्या बुळ्या सरांसाठी साठवलेला सगळा तिरस्कार आता निकिताच्या कामाचा नव्हता. ह्या प्रश्नात त्यांच्यातलं कुणीच नव्हतं.

"मीच," ती म्हणाली.

तुझा काय दोष, सासुरवाशीण तू, असलं काही बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी कुत्र्याला उचलून मांडीवर घेतलं. "खरं बोललीस, म्हणून चहा पिऊन जा. कुत्रं मिळणार नाही. जोशुआ, तुझ्या घरमालकाला कळव, कुत्रं नको असेल तर म्हातारीही नको. मी इथंच राहते."

निकितानं चहा प्यायला. गार झाला होता, तरी शेवटपर्यंत प्यायला.

जीपमध्ये आबासाहेबांच्या तोंडाचा पट्टा सुटला तो वस्ती आली तरी थांबेना. तिच्या बापाचा उद्धार झाला, काष्टीचा झाला. "आता जातील तुझ्या शेळ्या, एकेक करून! मी कुत्रं आनायचो न्हाई, अन् जाळी तर माझं मढं पडलं तरी न्हाई! मग बस रडत!" निकिता खिडकीतून ऊस बघत होती. तिच्या मनात एकही शिवी येत नव्हती, आणि हे तिचं तिलाच नवं होतं.

दिवस कलला होता. ती साडीसुद्धा न बदलता गोठ्यात गेली, शेळ्यांची दावी सोडली आणि सगळा कळप हाकत थेट हॉलमध्ये नेला. आबासाहेबांचा हॉल! गुळगुळीत फरशी, सोफासेट, भिंतीवर सत्काराचे फोटो. एक करडू उडी मारून पलंगावर चढलं. थोरल्या शेळीनं फरशीवर लेंड्या टाकल्या आणि समाधानानं इकडंतिकडं बघितलं.

"आगं ए!" आबासाहेब चप्पल हातात घेऊन अंगणातून धावले. "डोकं फिरलं का तुझं? हॉल हाय ह्यो!"

"व्हय," निकिता म्हणाली. "ह्याला दार हाय. जाळी लागंस्तवर शेळ्या हितंच निजत्याल, अन् मी त्यांच्यासंगं."

"मच्छ्या! बघतोस काय? काढ भाईर त्या शेळ्या!"

मच्छिंद्र उंबऱ्यापर्यंत आला. त्यानं बापाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, पलंगावरच्या करडाकडे बघितलं. ह्या वेळी हसायचं की खाली बघायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी तो गाईला वैरण टाकायला गेला.

आबासाहेब अंगणात एकटे उरले. समोर ऊस काळा पडायला लागला होता. त्यांनी एकदा तिकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि आवाज थोडा खाली आला. "अन् मी कुठं निजू?"

"गोठा मोकळाच हाय, मामा," निकिता म्हणाली आणि आतून कडी लावली.