ठासणाऱ्याचा फेटा

मांडवगणाच्या अलीकडं, नदीकाठच्या त्या गावात यात्रेला गाडगं फोडायची रीत होती. गुलालानं भरलेलं गाडगं बाभळीला टांगायचं, ठासणीच्या बंदुकीनं फोडायचं, मगच कुस्त्या. एका बंदुकीला माणसं दोन, एक ठासणारा आणि एक नेम धरणारा. गाडगं फुटलं की फेटा आधी ठासणाऱ्याला, कारण नीट ठासलं तरच बंदूक नेमबाजाचं ऐकते.

एके काळी पार दौंडपासूनच्या बंदुका इथं रांगेला लागायच्या. मग शिकार बंद झाली, बंदुकीची दारू मिळेना, पोरांनी बापाचे परवाने जमा करून टाकले. दोन हजार चार साली रांग म्हणजे सर्जेराव एकटेच. यात्रा कमिटीचे तात्याबा तर फटाक्यांची भलीमोठी माळ घेऊनच आले होते. यंदा गाडगं फुटलं नाही तर बंदूक बंद, पुढच्या सालापासून माळच, असं त्यांनी जाहीर केलं.

सर्जेरावांच्या मिशीचा पीळ तरीही कायम होता. त्यांचा ठासणारा बबनराव पावसाळ्यातच गेला. त्याची लेक माया बापाचं दारूचं शिंग घेऊन सकाळी दारात आली होती. सर्जेरावांनी शिंग तेवढं ठेवून घेतलं आणि हे बाईमाणसाचं काम नव्हे म्हणून तिला वाटेला लावलं. जन्मभर बघत आलोय, त्यात काय एवढं!

त्यांनी ऐटीत गोळी घातली, गजानं ठासली, ठिणगी पाडणारी पितळी टोपी बंदुकीवर चढवली आणि चाप ओढला. टोपी फट्‌ वाजली. गाडगं आपलं वाऱ्यावर झुलत राहिलं. दुसऱ्या टोपीची तीच गत. लोक हसायला लागले आणि तात्याबांनी काडेपेटी काढली.

माया गर्दीतून पुढं आली.

"आबा, दारू भरली व्हती का?"

सर्जेरावांनी गळ्यातल्या शिंगाकडं पाहिलं. त्याचं बूचसुद्धा निघालेलं नव्हतं.

"दारू तर बबन भरायचा," ते म्हणाले.

माया हसली नाही. तिनं टोपीखालचा पेच खोलला, त्या भोकातून चिमूटभर दारू आत सोडली आणि पेच आवळला. अडकलेली गोळी सर्जेरावांनी मातीच्या बांधात झाडून टाकली. मग ती नव्यानं ठासायला बसली. दारू, चिंधी, गोळी. गज टणकन उसळला, म्हणजे ठासणं पुरतं झालं, तशी ती थांबली. बबनही नेमका तिथंच थांबायचा. सर्जेरावांच्या अंगात वारं भरलं.

बार असा झाला की बाभळीवरचे बगळे पार नदीपल्याड गेले. धूर हटला तेव्हा फांदीला नुसती दोरी होती, आणि गुलाल उडत उडत आखाड्यापर्यंत आला होता. माणसं नाचायला लागली. काडेपेटी कधी खिशात गेली ते तात्याबांनाही कळलं नाही.

ते फेटा घेऊन सर्जेरावांकडं आले. सर्जेराव मागं सरले.

"आधी ठासणाऱ्याला," ते म्हणाले.

तात्याबा घुटमळले, तेव्हा सर्जेरावांनी फेटा त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः मायाच्या डोक्याला बांधला. कमिटीनं फेटा एकच आणला होता. सर्जेराव मिरवणुकीत बोडक्या डोक्यानंच चालले, आणि इतके खूश ते कुठल्याच फेट्यात दिसले नव्हते.