पहाटे चारची हजेरी

मी पूर्व आफ्रिकेतल्या तांगा शहरातल्या एका शाळेचा सतरा नंबरचा लॅपटॉप बोलतोय. माझी दोन बटणं पोरांनी उपटून नेली आहेत, पण तोंड शाबूत आहे.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते इथलं लोखंडी कपाट आणि ते सांभाळणाऱ्या म्वानाइदीबाई. बाई आम्हा वीस जणांना मोजून देतात, मोजून घेतात आणि कुणी मांडाझीचे, म्हणजे तळलेल्या गोड पुऱ्यांचे, तेलकट हात लावले की त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करतात.

आम्हाला एक सवय लावलेली आहे. सुरू झालं की जिल्हा कचेरीतल्या संगणकाला हजेरी कळवायची: मी अमुक, माझ्या पोटात हे हे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत. तिथे ती वेळ 'शेवटची नोंद' म्हणून उमटते.

मोठ्या सुट्टीत माझ्या घड्याळाची बारकी बॅटरी मेली. नवी बसल्यावर मी अदबीने विचारलं, वेळ नेटवरून घेऊ का? मुख्याध्यापक शेमडोए सरांना यंत्राने शिकवलेलं खपत नाही. त्यांनी 'नको' दाबलं, मनगटाकडे पाहिलं आणि चार वाजून दहा मिनिटं अशी वेळ भरली. आमच्याकडे तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, दहा म्हणजे चार. सरांचं घड्याळही तसंच लावलेलं. माझ्या लेखी मात्र चार म्हणजे पहाटेचे चार.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला वर्गात उघडलो की मी इमानाने कळवायचो: पहाटे चार.

दोन महिन्यांनी कचेरीतले किसोका साहेब भर वर्गात कागद फडकावत आले.

"सतरा नंबर रोज पहाटे चालतो! बाई, घरी नेता ना? सिनेमे बघायला?"

"माझ्या घरी वीज असती तर आधी इस्त्री घेतली असती, साहेब."

"तोंड चालवू नका. कबूल करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

बाईंच्या पगारावर दोन मुली आणि दम्याची आई जगते. साहेबांमागून वर्गात आलेले सर छतावरची पाल न्याहाळत होते. बाईंनी मला टेबलावर आपटून उघडलं.

"यालाच विचारा किती वाजलेत!"

माझ्या कोपऱ्यात चार वीस. खिडकीतलं ऊन साहेबांच्या टकलावर.

सरांनी मनगट पाहिलं. "बरोबर आहे की! चार वीस."

साहेबांनी खिशातून फोन काढला. दहा वीस. त्यांनी सरांच्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, यात वेळ कुणी भरली?"

"यंत्रं हल्ली फार निकृष्ट येतात," सर म्हणाले.

साहेबांनी कागद घडी घालून खिशात घातला. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "चाळीस पोरांसमोर चोर म्हणालात. आता चाळीस पोरांसमोर बोला."

साहेब "चुकलं" म्हणाले. सर खोकले. बाईंनी तेवढ्यावर भागवलं.

आता माझं घड्याळ सरळ आहे. पण कचेरीत माझ्या त्या पहाटा तशाच पडून आहेत. त्या पुसता येत नाहीत. उद्या एखादा नवा साहेब त्या वाचेल. बाबा रे, आधी घड्याळ कुणी लावलं ते विचार. पुढच्या खेपेला बाई मला उघडून दाखवणार नाहीत, फेकून मारतील. आणि मी चांगला अडीच किलोचा आहे.