इत्तोसाठी सजलेली अमारिया

मी एक जुनी पालखी आहे. देवाची नव्हे हं, नवरीची. आमच्या मोरोक्कोत मला अमारिया म्हणतात. चौघे जण मला खांद्यावर घेतात, आत नवरी बसते आणि ढोलांच्या तालावर डुलत मी मांडवात शिरते. खोटं कशाला बोलू, लग्नात नवरीच्या खालोखाल लोक माझ्याकडेच बघतात.

मित्रांनो, माझा जन्म फेस शहरातल्या एका सुताराकडे झाला. देवदाराचं लाकूड, त्यावर ठोकलेला चकचकीत पत्रा आणि आत हिरव्या जरीची गादी. तिथून मला विकत घेतलं लल्ला तामूने. लल्ला म्हणजे तुमच्याकडचं 'बाई'. डोंगरातल्या एका गावातली ही नेगाफा, म्हणजे नवरीला नटवणारी आणि लग्नाचं सामान भाड्याने देणारी बाई. तिचा हात हलका होता, जीभ मात्र मिरचीसारखी. "नवरी रडली तर चालेल, काजळ पसरलं तर माझ्याशी गाठ आहे," असं ती प्रत्येकीला बजावायची. आमची खूप वर्षं मानाची गेली. मग गावात लल्ला शामाने विजेच्या दिव्यांची अमारिया आणली. ती डोळे मिचकावायची, आणि लोकांना तेच आवडायचं. तेव्हापासून तामू आणि शामा एकमेकींशी बोलत नव्हत्या. मीही त्या मिचमिच्या बयेकडे कधी पाहिलं नाही.

एके सकाळी हजयात्रा करून आलेले हाज अल्लाल आमच्या दारी आले. मोठं दुकान, मोठं पोट, गावात मोठा शब्द. लग्न ठरलं की आमच्याकडे साखरेचा उंच सुळका निळ्या कागदात गुंडाळून देतात. तसा एक त्यांनी तामूपुढे ठेवला.

"पुतण्याचं लग्न आहे, लल्ला. जरा घाईत आहे. अमारिया तुझीच हवी, जुन्या वळणाची."

"अल्लाह बरकत देवो. नवरी कोणाची?"

"यामनाची इत्तो."

"ती तर शाळेत जाते ना?"

"जायची," हाज म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

दुपारी यामना लेकीला घेऊन माप द्यायला आली. यामना विधवा, लोकांचे गालिचे विणून पोट भरणारी. इत्तो चौदा वर्षांची. सगळ्यांत लहान कफ्तान, म्हणजे नवरीचा पायघोळ झगा, तोही तिला ढगळ झाला. बसल्यावर कसा दिसतो ते बघायला तामूने तिला माझ्यात बसवलं. आजवर किती नवऱ्या माझ्यात बसल्या, पण इतकं हलकं ओझं मला कधी लागलं नव्हतं. तिने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"लल्ला, लग्न झाल्यावर तो रोज घरी असेल?"

"नवरा म्हटल्यावर असणारच की गं."

"मग मला दार आतून लावता येईल?"

तामूने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. आधी तिने इत्तोकडे पाहिलं, मग यामनाकडे. यामना मटकन खाली बसली आणि रडत रडत सगळं बोलली. हाजच्या त्याच पुतण्याने दुकानामागच्या कोठारात इत्तोवर अत्याचार केला होता. कळलं तेव्हा यामना तशीच चौकीवर धावली होती. तक्रार लिहून घेतली गेली, खटलाही उभा राहिला. मग हाज साखर घेऊन घरी आले.

"आणि तू घेतलीस?"

"काय करू, लल्ला? पोरीचं झाकलं जाईल. हाज म्हणाले, लग्न लागलं की खटला आपोआप मिटतो. कायदाच आहे तसा."

"होता," तामू म्हणाली. "तेव्हा होता."

मित्रांनो, हे ऐकताना माझ्या सांध्यासांध्यांत राग भरला. आमच्या देशाच्या कायद्यात खरंच तशी वाट होती. अल्पवयीन मुलीची अब्रू लुटणाऱ्याने तिच्याशीच लग्न केलं की तो सुटत असे. पण बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून भांडल्या आणि संसदेने ती वाट बुजवली. मणी ओवता ओवता तामूने ते रेडिओवर ऐकलं होतं. त्या दिवशी तिने ओवायचे मणी तसेच टाकून शेजारणीला हाक मारली होती. गावातले बाकीचे लोक मात्र अजून जुन्याच हिशेबाने चालत होते.

"कायदा बदलला असेल, लल्ला. गाव बदललं का?" यामनाने विचारलं.

"गाव आपोआप बदलतं होय? तू साखर परत कर, मग बघ कसं बदलतं ते."

"लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. त्यांच्या शेणापायी पोरीला त्या गोठ्यात बांधणार आहेस का?" मग आवाज उतरवून तिने इत्तोला हात देऊन माझ्यातून खाली घेतलं. "पोरी, तुझी यात काडीची चूक नाही. चूक त्याची आहे. आणि तुझा नकार आता मी ऐकलाय."

यामना उठून लेकीजवळ गेली. मग तिने लेकीच्या अंगावरचा कफ्तान स्वतःच्या हाताने उतरवला.

दुसऱ्या दिवशी हाजचे साखरेचे सुळके त्यांच्या दुकानाच्या फळीवर परत गेले. आमच्याकडे साखर परत करणं म्हणजे भर चौकात पगडी उडवणं. हाज तणतणत आले.

"एका लाकडाच्या खोक्याची एवढी मिजास? शामाकडून आणीन!"

"आणा की," तामू म्हणाली. "तिच्यात दिवेही आहेत. तुमच्या पुतण्याचं तोंड नीट दिसेल लोकांना."

मला खोकं म्हटलेलं मी विसरलेले नाही, पण ते असो. हाज खरंच शामाकडे गेले. माझा जीव टांगणीला लागला, कारण तामूचं गिऱ्हाईक पळवायची संधी शामा कधी सोडत नसे. संध्याकाळी शामाच आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"तुझ्याशी मी बोलत नाही, तामू."

"मग आलीस कशाला?"

"सांगायला, की माझी अमारियाही त्या घरी जाणार नाही. झालं, निघते."

"चहा घेऊन जा, भवाने."

यामनाला दटावता येईल, वरात नाही तर नाही, नुसता लग्नाचा कागद करू, असं हाजने ठरवलं. पण अठरा वर्षांखालच्या मुलीच्या लग्नाला न्यायाधीशांची परवानगी लागते. हाजने ती मागितली, तेव्हा सुनावणीच्या दिवशी तामू आणि यामना इत्तोला मधे घेऊन कचेरीत गेल्या. सोबत महिला केंद्राच्या वकीलबाई होत्या. पुढे काय झालं ते यामनाने लेकीकडून ऐकून माझ्या शेजारी बसून सांगितलं. न्यायाधीशांनी इत्तोला वेगळ्या खोलीत बोलावलं. इत्तोने आधी एकच गोष्ट विचारली, "मी सगळं सांगितलं तर मला त्याच्या घरी पाठवणार नाही ना?" ते म्हणाले, "नाही. तुझा नकार असताना मलाही तसं करता येत नाही." मग ती बोलली, थांबत थांबत, पण शेवटपर्यंत. लग्नाची परवानगी मिळाली नाही. खटला चालला आणि हाजचा पुतण्या तुरुंगात गेला.

त्याची किंमतही आम्ही मोजली. हाजच्या भाऊबंदांनी शहरातून अमारिया मागवल्या, पण आमच्या दाराकडे फिरकले नाहीत. माझ्यावर धूळ बसली, जरीला कसर लागली. मला वाईट वाटायचं, मी काही संत नाही. तामू मात्र फडकं मारता मारता म्हणायची, "बसू दे गं धूळ. झटकली की जाते."

मग एका लग्नात मला पुन्हा बोलावणं आलं. यामना आणि इत्तोही पाहुण्या होत्या. इत्तो पुन्हा शाळेत जाऊ लागली होती. जेवताना हाजच्या नात्यातली एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काही लोकांना लाजच नाही. तुझ्या पोरीचं काय झालं ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. जी यामना एकेकाळी झाकायला निघाली होती, ती मान वर करून म्हणाली, "ठाऊक असू दे की. कोणी केलं तेही ठाऊक आहे ना? मग लाज त्याच्या घरी जाऊन शोध." आणि तिने इत्तोच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढला. "जेव गं."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपली काळजी घ्या म्हणून विनवतात. मी नाही विनवणार. माझा पत्रा निघाला तर नवा ठोकता येईल. मागणं आहे ते तुमच्यासाठीच. तुमच्याशी कोणी वाईट वागलं, मग तो कितीही मोठा, कितीही जवळचा असो, आणि 'कोणाला सांगू नकोस' म्हणाला, तर सांगा. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला. कायदा तुमच्या बाजूने लिहिलेला आहे. त्याला तुमच्या दारापर्यंत घेऊन येणारं माणूस सापडेपर्यंत गप्प बसू नका.