हाडातलं बिऱ्हाड

तुमच्या अंगातलं रक्त कुठं तयार होतं, सांगता का जरा?

बघा, गेला हात छातीवर! मला ठाऊकच होतं. शंभरातली नव्वद माणसं हृदयाकडे बोट दाखवतात आणि उरलेली दहा "शाळेत होतं बुवा काहीतरी" म्हणत डोकं खाजवतात. अहो, हृदय म्हणजे नुसता पंप. दुसऱ्यानं केलेला माल इकडून तिकडे ढकलायचा आणि वर धडधड करून सगळ्या गावाचं लक्ष वेधून घ्यायचं. प्रेमात पडलेली माणसं त्याचं चित्र काढतात, त्यात बाण मारतात. माझं चित्र कुणी काढलेलं पाहिलंय तुम्ही?

मी अस्थिमज्जा बोलतेय. हाडाच्या आतल्या जाळीदार पोकळ्यांत राहणारी, मऊ, लालसर, ओलसर. दिसायला काही खास नाही, हे मीच सांगून टाकते. पण तुम्ही हे एक वाक्य वाचेपर्यंत मी एक कोटीच्या आसपास तांबड्या पेशी करून बाहेर पाठवल्या. तुम्ही काय केलंत तेवढ्या वेळात? जांभई दिलीत.

माझी तांबडी पोरं श्वासातला प्राणवायू उचलून अंगभर पोचवतात आणि चार महिने राबून मरतात. पांढरी पोरं रोगजंतूंशी भांडतात. त्यांतली कितीतरी एक-दोन दिवसांतच कामी येतात. आणि बिंबाणू, ज्यांना तुम्ही प्लेटलेट म्हणता, ते जिथं गळती लागेल तिथं धावत जाऊन भोक बुजवतात. त्यांचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. म्हणजे मी एक आठवडा रजा घेतली, तर तुमचा सगळा तोरा हिरड्यांतून गळायला लागेल. ही धमकी नाही, माहिती आहे.

माझा जन्म ज्या बाईच्या हाडांत झाला, तिला सगळे ताई म्हणतात. ती तान्ही होती तेव्हा मी तिच्या सगळ्या हाडांत ऐसपैस पसरले होते, बोटांच्या इवल्या हाडांतसुद्धा. ती वाढली तशी हातापायांच्या लांब हाडांत पिवळी चरबी येऊन बसली आणि मला कमरेच्या, छातीच्या, बरगड्यांच्या, मणक्यांच्या हाडांत सरकावं लागलं. घर वाढलं की जुन्या माणसाला जसं मागच्या खोलीत ढकलतात, तसंच. तक्रार केली नाही. केली असती तरी ऐकायला कोण होतं?

ताई पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात काम करायची. दिवसभर उभ्यानं. छापून आलेला मोठा कागद घ्यायचा, मधोमध दुमडायचा, घडीवरून हाडाची गुळगुळीत पट्टी दाबून फिरवायची, पुन्हा दुमडायचा. एका कागदाची सोळा पानं झाली की झाला एक फर्मा. असे हजारो फर्मे तिच्या हातांखालून गेले. हातात मेलेलं हाड, कमरेत जिवंत मी. पण हातातल्या हाडाला ती रोज फडक्यानं पुसायची. माझं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ तिच्याबरोबरच राहायचा. तो पाट्या रंगवायचा, दुकानांच्या, दवाखान्यांच्या. सगळे त्याला पेंटरच म्हणत. हात मोठा सुबक, पण बाकी सगळा आनंद. अंगावर रंग नाही असा दिवस नाही. एका संध्याकाळी तो पायऱ्यांवर बसून नडगी घासत होता.

"ताई, हा नवा लाल भलताच चिकट निघाला. जातच नाही."

ताई बाहेर आली. नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, ब्रश झटकल्यासारखे.

"काय रे, तू पाटी रंगवतोस की पाय?"

"दोन्ही. पायाचे पैसे घेत नाही."

तिनं रंग काढायच्या थिनरमध्ये फडकं बुडवलं आणि स्वतः घासायला बसली. ठिपके जाईनात. उलट कातडी लाल झाली. "उद्या जाईल," ती म्हणाली.

तुम्ही विचाराल, तू हाडात बसलेली, तुला कसं दिसलं? माझी पोरं तिच्या डोळ्यांच्या मागून, कानांच्या आतून फिरत असतात. मला सगळी बातमी लागते. आणि मी पाहताक्षणी ओळखलं. ते थेंब बाहेरून पडलेले नव्हते, आतून आले होते. त्याच्या रक्तात बिंबाणूच उरले नव्हते. बारीक केशवाहिन्या झिरपत होत्या आणि बुजवायला कोणी नव्हतं. मी ओरडले असते, पण मला तोंड नाही. आठ दिवस ही दोघं शहाणी माणसं आतलं रक्त थिनरनं पुसत होती!

नवव्या दिवशी दात घासताना त्याच्या तोंडातून रक्त आलं ते थांबेना. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याला धाप लागली. मग कुठं डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्याच्या कमरेतून सुईनं माझ्या जातीचा नमुना काढला तर काय, आत जवळजवळ कुणीच नाही! नुसती पिवळी चरबी. कारखाना बंद, यंत्रं गायब.

"असं का झालं?" ताईनं विचारलं.

"बहुतेक वेळा नक्की कारण सापडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्याला दुसऱ्या कुणाची तरी मज्जा द्यावी लागेल. सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता चारात एक. तुम्ही भावंडं किती?"

भावंडं तीन. थोरला दादा वेगळा राहायचा. कुठल्याही समारंभात "आपलं रक्तच तसलं!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. कुणी पहिला आला तरी रक्त, कुणी भांडला तरी रक्त. त्या रक्तासाठी यानं आयुष्यात एक पेशी केलेली नाही, सगळ्या आम्ही केल्या, पण रुबाब याचा. तर या दादानं तपासणीला जायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा त्याला काम निघालं. ताई गेली. तिचं जुळलं.

आता इथं माझी शोभा झाली. ताईच्या रक्तात लोह कमी निघालं. लोहाशिवाय मी तांबडी पेशी करू कशी? अंगाला प्राणवायू कमी पडतोय हे हेरून मूत्रपिंडं माझ्याकडे हुकमावर हुकूम धाडत होती, पेशी वाढव, पेशी वाढव; आणि माझ्याकडे कच्चा माल नाही. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मज्जा काढायची तारीख महिन्यावर ठेवली. पेंटर तोवर दुसऱ्यांच्या रक्ताच्या पिशव्यांवर जगत होता. त्यापलीकडे थांबणं त्याला परवडणार नव्हतं.

पंधरा दिवसांनी पाहिलं तर रक्ताचा आकडा होता तिथंच.

"गोळ्या घेता ना?"

"एक चुकवली नाही, बाई. शिवाय रोज बिटाचा रस पिते. लालभडक."

"गोळी कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर. चहाशिवाय माझ्या घशाखाली काही उतरत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चहा लोहाला आतड्यातच धरून ठेवतो, माझ्यापर्यंत येऊच देत नाही. पंधरा दिवस रोज माझ्या तोंडचा घास ही बाई कपानं बुडवत होती. आणि बीट लाल म्हणून त्याचं रक्त होतं, हे हिला कुणी सांगितलं? उद्या वीट खाईल.

ते सुधारलं. चहा दोन तास लांब गेला. माझ्या पदरात लोह पडू लागलं, मी कामाला लागले. तेवढ्यात दादा आला. तपासणीला नव्हे, सल्ला द्यायला.

"तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो. पाठीच्या कण्यातून काढतात ते. सुई जरा हलली की संपलं. जन्माची आडवी होशील."

"डॉक्टर तर म्हणाल्या..."

"त्या म्हणणारच. उद्या तुला बघणार कोण? मी? माझीच कंबर धरलेली असते."

"मग त्याचं काय, दादा?"

"औषधं निघतात रोज नवीन. घाई कशाला?"

ताई घाबरली. तिचं सगळं पोट उभं राहण्यावर होतं. आडवी पडली तर दोन खोल्यांचं घर कोण चालवणार? आणि घाबरलेलं माणूस करतं तेच तिनं केलं. ज्यांना माहीत होतं त्यांना विचारलं नाही, ज्यांना माहीत नव्हतं त्या सगळ्यांना विचारलं. कारखान्यातली पुठ्ठे चिकटवणारी म्हणाली, कण्यातूनच. कागद कापणारा म्हणाला, आमच्या शेजारचा असाच गेला. कुठला शेजारचा, कशानं गेला, काही नाही. नाकानं कांदे सोलायला कुणाचं काय जातं!

इकडे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. "तुम्ही हो म्हणालात की त्याला जोरदार औषधं सुरू करू. त्यांनी त्याची उरलीसुरली मज्जाही जाईल. त्यानंतर तुम्ही मागे फिरलात तर तो वाचणार नाही. म्हणून भीती वाटत असेल तर आधी सांगा. सोमवारी मला उत्तर हवं."

शनिवारी कारखान्यात शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाचं काम आलं. ताई सकाळपासून तोच फर्मा दुमडत होती. चारशे वेळा ते पान तिच्या पट्टीखालून गेलं असेल. त्या पानावर कोण होतं सांगू? मी! उभा माणूस, त्याच्या आत हाडं, आणि जिथं जिथं मी असते तिथं तिथं लाल रंग. चारशे वेळा हिनं माझ्या तोंडावरून हाडाची पट्टी फिरवली आणि एकदा वाचलं नाही. वाचणाऱ्यांसाठी पुस्तकं बांधण्यात हिचं आयुष्य गेलं होतं!

मी तिला मनातून टाकून दिलं होतं. तेवढ्यात दुपारचा चहा आला. तिनं हातातला कागद खाली ठेवला आणि कप उचलताना तिची नजर त्या लाल रंगावर पडली.

ती उभ्यानं वाचायला लागली. ओठ हलवत, बोट ठेवत. कमरेचं हाड मोठं असतं, मज्जा तिथून काढतात. मज्जेचा आणि कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या जुडग्याचा काही संबंध नाही. दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. तिनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चहावर साय धरली. माझ्या आठवणीत तिनं पहिल्यांदा चहा टाकून दिला.

सोमवारी तिनं डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "किती दिवस उभं राहता येणार नाही?"

"दोन-तीन दिवस दुखेल. दोन आठवड्यांत कामावर जाल. भूल द्यावी लागते, थोडा धोका त्यात असतो, तो मी लपवणार नाही."

"लिहा माझं नाव. आणि दादा विचारायला आला तर त्याला पान नंबर बहात्तर वाचायला सांगा."

पेंटरला औषधं सुरू झाली. ठरल्या दिवशी ताईला पालथं झोपवून तिच्या कमरेच्या हाडातून मला ओढून काढलं. सगळी नाही, थोडीच. बाकीची मी तिथंच राहिले आणि लगेच कामाला लागले. एक पिशवी भरली. गडद लाल, रक्तासारखीच. माणसांना वाटलं होतं आता मोठं ऑपरेशन, हाडं फोडणार, काहीतरी भयंकर. कसलं काय! पिशवी टांगली आणि थेंब थेंब त्याच्या शिरेत सोडली. हाडाची वाट मला कुणी दाखवली नाही. रक्तातून फिरत फिरत आमची आम्हीच हाडात शिरलो. तुम्हाला दोन गल्ल्या ओलांडायच्या तर चौघांना पत्ता विचारता.

आत पाऊल टाकलं आणि... काय सांगू. ओसाड. तेलकट. भिंती उभ्या आणि माणूस नाही. थिनरवरून मी त्याला इतके दिवस मूर्ख म्हणत होते. पण या असल्या रिकाम्या हाडांनी तो आठ दिवस शिडी चढला होता आणि पुढेही ताईला हसवत होता. तेवढ्यापुरती मी खजील झाले. तेवढ्यापुरतीच.

जंतू लागू नयेत म्हणून पेंटरला काचेआडच्या खोलीत एकटं ठेवलं होतं. दादा एकदा काचेपलीकडे येऊन उभा राहिला. परिचारिकेनं त्याला सांगितलं की काही महिन्यांत पेंटरचा रक्तगट बदलेल. बी होता, ताईचा ओ होईल.

"म्हणजे हा आता आपल्या रक्ताचा राहिला नाही?"

"ताईंच्या रक्ताचा झाला," ती म्हणाली. "तुम्ही जरा बाजूला व्हा, ट्रॉली जाऊ द्या."

सतरा दिवस झाले. रोज सकाळी त्याचं रक्त तपासत आणि पांढऱ्या पेशींच्या रकान्यात शंभर, नाहीतर त्याहूनही कमी. निरोगी माणसात चार हजारांच्या वर असतात. साधी सर्दीसुद्धा त्याला घेऊन गेली असती. सगळे माझ्याकडे संशयानं बघत होते. आयुष्यभर ज्यांनी माझं नाव घेतलं नाही, ते आता तासातासाला विचारत होते, लागली का कामाला? बिऱ्हाड मांडायला वेळ लागतो, इतकं साधं कळत नाही.

सतराव्या संध्याकाळी ताई कारखान्यातून सरळ आली. कंबर एका बाजूनं धरून काचेपाशी उभी राहिली. त्यानं आतून फोन उचलला.

"ताई, ठिपके आहेत अजून. थिनर आणलंस?"

"गप्प बस." तिनं डोळे पुसले. "मी घासले रे ते. रक्त होतं आणि मी घासत बसले."

"मी तरी कुठं ओळखलं? रंग माझा होता ना!"

आता तुम्हाला जाता जाता सांगते. माझ्यावर गाणी नकोत, चित्रं नकोत. लोहाची गोळी चहात बुडवू नका. अंगावर न पुसणारा लाल ठिपका दिसला तर फडकं शोधू नका, डॉक्टर शोधा. आणि कुणी माझ्यातला वाटा मागायला आला, तर निदान एक पान वाचून मग घाबरा. एवढं जमलं तरी मी तुम्हाला जरा बरं म्हणेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या पेशींच्या रकान्यात चारशेचा आकडा आला, म्हणजे माझं बिऱ्हाड लागलं. परिचारिकेनं ताईला फोन केला, ताई "बरं" म्हणाली, गोळी पाण्याबरोबर घेतली आणि कामावर गेली.